काचेवरचा उजवा हात

कासारवाडीच्या या छोट्या वर्कशॉपमध्ये सकाळचे ऊन घाईने येत नाही. आधी ते पत्र्याच्या कडेवर थबकते, मग खिडकीच्या जाळीतून चौकोनाचौकोनांनी टेबलावर उतरते आणि सरकत सरकत माझ्या बंद काचेवर येऊन थांबते. तेव्हा माझ्यावर बोटांचे जुने ठसे दिसू लागतात; केव्हाच पुसलेलेसुद्धा. मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे.

माझ्या कपाळावर स्टिकर होता, 'एकोणीस इंच'. मला त्याचा अभिमान वाटे. चाकणच्या एका कंपनीत नऊ वर्षे मी सुट्या भागांची चित्रे दाखवली. नवे मॉनिटर आले, तसा मी भंगारात गेलो. तिथून निरंजनने मला उचलले. तो सिलिकॉनची बोटे घडवतो.

एके सकाळी दत्तोबा आणि त्यांची बायको मंजुळाबाई आले. प्रेस मशीनखाली दत्तोबांच्या उजव्या हाताची करंगळीकडची तीन बोटे गेली होती. लेकीचे लग्न दहा दिवसांवर आले होते. कन्यादानाला त्यांना अख्खा हात हवा होता. साचा चुकला, तर दुसरा करायला वेळ नव्हता.

निरंजनने त्यांचा धड असलेला डावा हात स्कॅन केला, चित्र आरशातल्यासारखे उलटे केले आणि जगात न उरलेला उजवा हात माझ्यावर उगवला.

"ही बोटं माझी न्हाईत राव," दत्तोबा हसले. "कुणा पैलवानाची हायती!"

रिझोल्यूशन चुकले होते. चित्र आडवे ताणले गेले होते. निरंजनने ते दुरुस्त केले. बोटे सडपातळ झाली, पण आखूड भासू लागली. त्याने शंभर मिलिमीटरची रेघ काढून तिला स्टीलची पट्टी लावली. सत्त्याण्णवच भरली. मग त्याने माझी काच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजली. साडेअठरा इंच. स्टिकर खोटा होता. संगणकात खरे माप भरताच रेघ पट्टीशी जुळली.

"आता ठेवा हात, काका."

दत्तोबांनी हात टेकवला. थोटकांपुढे माझी उजळ बोटे निघाली. कुठे काय संपले, ते कळेना.

"गार लागतंय," ते पुटपुटले.

"कुठे?"

"करंगळीला."

मंजुळाबाई दाराकडे सरकल्या. "अवो, काढा तो हात. मला न्हाई बघवत."

दत्तोबांनी बराच वेळ हात काढला नाही.

साचा अचूक उतरला. मित्रांनो, आमच्या स्टिकरवर विसंबू नका. आम्हांला पट्टी लावून पाहा. खरे माप मिळाल्याशिवाय आम्ही खरे दाखवू शकत नाही.

त्या सकाळी पाचही बोटांची ऊब मला लागली, असे मी आजवर स्वतःला सांगत आलो. काचेला फक्त अंगठा आणि तर्जनी टेकली होती.