दिवलीबाईच्या नावावर

तोरणमाळच्या घाटाखालच्या उपकेंद्रात आतल्या खोलीत एक लोखंडी कपाट होते. त्याची किल्ली भूमिकाच्या कमरेला असे आणि तीन वर्षांत ते कपाट तिने हजार वेळा उघडले असेल. पण फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ते उघडताना तिने आधी बाहेर डोकावून पाहिले. अंगणात कोणी नव्हते. तरी कडी सरकवताना आवाज होऊ नये म्हणून तिने पदराने ती धरली. आपल्याच कपाटाशी आपण चोरासारखे वागतो आहोत हे तिला तेव्हाच जाणवले होते. पुढे जे घडले ते त्या क्षणी परत फिरली असती तर टळले असते, असे तिला नंतर पुष्कळदा वाटले.

भूमिका मूळची रनाळ्याची. उपकेंद्रावर कंत्राटी नर्स. कंत्राट अकरा महिन्यांचे. मार्चअखेर ते संपायचे आणि वरून नवी ऑर्डर यायची. ऑर्डर येण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरमॅडम प्रत्येकीविषयी चार ओळी लिहून वर पाठवत. भूमिकाविषयी त्या नेहमी चांगलेच लिहीत. कारण तिच्या यादीत बाराव्या आठवड्यानंतर नोंदलेली गरोदर बाई क्वचितच सापडे. महिन्याच्या बैठकीत मॅडम तिची वही उचलून इतर नर्सना दाखवत, तेव्हा भूमिका मान खाली घालून बसे, पण तिला ते आवडे.

ही नोंद काही सोपी नव्हती. पाड्यांवरच्या बाया पोट दिसेपर्यंत बोलत नाहीत. आधी बोलले की कोणाची तरी नजर लागते, असे त्या मानतात. जानेवारीत एका बाईने पाचव्या महिन्यापर्यंत लपवले, तेव्हा भूमिकाने तिला लसीकरणाच्या दिवशी सगळ्यांसमोर झापले होते. "सांगायला लाज कसली? चोरी केलीस का कोणाची?" ती बाई पदर तोंडात धरून उभी राहिली होती. बाकीच्या हसल्या होत्या. भूमिकालाही थोडे हसू आले होते.

आणि आता तिला स्वतःला शेवटची पाळी येऊन सहा आठवडे झाले होते.

गावात औषधाचे दुकान एकच. तिथे सिस्टरने गरोदरपण तपासायची किट मागितली असती तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यांना कळले असते. म्हणून तिने कपाटातली सरकारी किट घेतली. पट्टीवर पहिली रेघ उमटली, मग दुसरी. ती पाच मिनिटे नुसती पाहत राहिली. लग्नाला चार वर्षे झाली होती; आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या पाठोपाठ मार्च महिना आठवला. शेजारच्या उपकेंद्रावरची एक नर्स गेल्या वर्षी सातव्या महिन्यात होती. सगळ्यांच्या ऑर्डरी आल्या, तिची "मागाहून येईल" म्हणाले. ती कधी आलीच नाही. का आली नाही, हे कोणी बोलले नाही आणि कोणी विचारलेही नाही. भूमिकानेही नाही.

तिने नंदुरबारला हेमराजला फोन केला. तो एका मिरचीच्या व्यापाऱ्याची गाडी चालवायचा. तो खूश झाला, आणि मग त्याने तेच म्हटले जे तिच्या मनात होते.

"ऑर्डर हातमा येऊ दे, मंग सांग. आते काय घाई शे?"

घाई कशाचीच नव्हती. फक्त वापरलेल्या प्रत्येक किटसमोर नोंदवहीत नाव आणि निकाल लिहावा लागे. किट मोजून येत, मोजून तपासल्या जात. आदल्या दिवशी सिकलसेलच्या रक्ततपासणीचे शिबिर झाले होते, त्याची यादी टेबलावर पडली होती. यादीत शेवटचे नाव होते दिवलीबाईचे. वरच्या पाड्यावरची, गोवालची बायको. नऊ वर्षे झाली, मूल नव्हते. शिबिरात रक्त, लघवी दोन्ही देऊन ती त्याच संध्याकाळी नवऱ्याबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जाणार होती. आता होळीपर्यंत काही ती येत नाही, असा विचार करून भूमिकाने तिचे नाव लिहिले.

इथे तिला 'निगेटिव्ह' लिहायचे होते. तसे ठरवूनच तिने पेन उचलले होते. पण तीन वर्षांची सवय अशी की डोळ्यांना जे दिसले तेच हाताने उतरवले. पट्टीवर दोन रेघा होत्या. तिने अधिकची खूण केली, वही मिटली आणि कपाटात ठेवली. आपण काय लिहिले हे तिच्या ध्यानातही आले नाही.

ते ध्यानात आले रमिलाबाईच्या. रमिलाबाई गावची आशा सेविका. पन्नाशीची, फटकळ, पाड्यापाड्यावरच्या प्रत्येक बाईची आई असल्यासारखी वागणारी. महिनाअखेरीची यादी ती करत असे. भूमिका तीन दिवस प्रशिक्षणाला नंदुरबारला गेली होती, तेव्हा रमिलाबाईने वही उघडली, दिवलीबाईचे नाव वाचले, खूण पाहिली, आणि तिथेच खुर्चीत बसून रडली. मग गोवालला फोन लावला. शिबिराच्या दिवशी दिलेल्या लघवीत दिसले आहे, म्हणाली. तिला मोळ्या उचलू देऊ नको.

भूमिका परतली तेव्हा हे सगळे रमिलाबाईने तिला हसत हसत सांगितले. वर टोमणाही मारला. "सिस्टर, एवढी मोठी खबर वहीत दाबून ठेवलीस? मला सांगायला तुला लाज वाटली का?"

त्याच वेळी सांगायला हवे होते. भूमिकाने तोंड उघडलेही होते, पण रमिलाबाईच्या पोटात गोष्ट राहत नसे आणि मॅडमची बैठक चार दिवसांवर होती. बैठक होऊ दे, मग सांगू. बैठक झाली, मॅडमनी पुन्हा तिची वही दाखवली. मग ठरले की होळीला ती दोघे आली की समोरासमोर सांगू. दर वेळी पुढची एक तारीख सापडत गेली. गोळ्यांचेही तसेच. पहिल्या तीन महिन्यांत रोज घ्यायची जी गोळी ती प्रत्येक बाईच्या हातावर ठेवी, ती तिने स्वतः एकदाही घेतली नव्हती. पाकीट उघडले की नाव लिहावे लागले असते, आणि आणखी एखादीचे नाव लिहायची तिची हिंमत नव्हती.

होळी दहा दिवसांवर असतानाच बातमी आली की गोवाल मुकादमाशी भांडून, तोड अर्धी टाकून बायकोला घेऊन घरी आला. घरात तिला पाण्याचा हंडाही उचलू देत नाहीत, असे रमिलाबाई म्हणाली. त्या दिवशी भूमिकाला जेवण गेले नाही. ते उलट्यांमुळे नव्हते.

तीन दिवसांनी, भर दुपारी, दिवलीबाई एकटीच उपकेंद्रात आली. वरच्या पाड्यावरून उतरायला दीड तास लागतो. तिने चपला बाहेर काढल्या, आत येऊन जमिनीवरच बसली. भूमिकाने बाकावर बस म्हटले तरी उठली नाही.

"सिस्टर, ते गेलं," ती म्हणाली.



दिवलीबाई खाली पाहत सांगत राहिली. परवापासून रक्त जाते आहे, नेहमीच्या पाळीसारखेच. घरात अजून कोणाला माहीत नाही. फोन आला त्या दिवशीही सकाळी तिने मोळ्या वाहिल्या होत्या, कारण तेव्हा तिला ठाऊक नव्हते. दोन महिने पाळी नव्हती, पण अंगात रक्त कमी असल्यामुळे तिचे असे पूर्वीही व्हायचे. फोन आल्यानंतरही एक दिवस तिने मोळ्या वाहिल्या, गोवालला न सांगता, कारण सोबतच्या बाया नावे ठेवत होत्या. मग तिने मान वर केली. "त्या एका दिवसाच्या मोळीनं गेलं का? तू खरं सांग. नऊ वर्षांनी आलं आणि मी डोक्यावर ऊस घेतला."

भूमिकाला पुढचे वाक्य तयार सापडले. होतं कधीकधी असं, तुझा दोष नाही, पुन्हा राहील. हे वाक्य तिने किती जणींना म्हटले होते, आणि ते खोटेही नव्हते. तेवढे म्हटले की सगळे मिटत होते. वहीतली खूण खरी ठरत होती. रमिलाबाई हळहळली असती आणि गप्प बसली असती. मार्च निघून गेला असता. उलट, दिवलीबाईला वांझ म्हणणाऱ्यांची तोंडेही बंद झाली असती. भूमिकाने ते वाक्य जिभेवर घेतले, आणि समोर बसलेल्या बाईने आपल्या डोक्यावरून बोटे फिरवली, जिथे मोळीची चुंबळ ठेवतात तिथे. जणू तिथेच काही लपले होते.

भूमिका खुर्चीतून उठून तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"दिवलीबाई, तुला काही राहिलंच नव्हतं. ती पट्टी माझी होती. मी तुझं नाव लिहिलं."

दिवलीबाईला आधी कळले नाही. भूमिकाने पुन्हा सांगितले. कपाट, किट, वही, ऑर्डर, सगळे सांगितले. ऑर्डरचे सांगताना तिला स्वतःचाच आवाज ऐकवेना. नऊ वर्षे वाट पाहणाऱ्या बाईला आपण अकरा महिन्यांच्या कागदाची गोष्ट सांगतो आहोत. तरी तिने ती पुरती सांगितली. लघवीचे काही कोणी पाहिलेच नव्हते, हेही सांगितले. शेवटी माफ कर म्हणावे म्हणून हात जोडले, पण तो शब्द काही आला नाही.

दिवलीबाई भिंतीवरच्या लसींच्या तक्त्याकडे पाहू लागली. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही मारलं."

"नाही."

"आणि आलंही नव्हतं."

"नाही."

ती उठली. दारात जाऊन चपला पायात घातल्या आणि वळली. "गोवालच्या आईनं दुसरी बायको बघून ठेवली होती. फोन आल्यापासून ती गप्प आहे. मी घरी सांगेन, गेलं म्हणून. तू पाड्यावर येऊन काही बोलू नको."

भूमिका म्हणाली, की वहीत तिला खरे लिहावेच लागेल.

"वहीत लिही. वही आमच्यात कोण वाचतं?" आणि जाता जाता, रागही नाही, टोमणाही नाही अशा आवाजात तिने विचारले, "तुला कितवा?"

"तिसरा लागलाय."

हे तिने आजवर हेमराजशिवाय कोणाजवळ उच्चारले नव्हते.

त्याच दुपारी, मिळेल त्या जीपने, ती वही घेऊन आरोग्य केंद्रावर गेली. डॉक्टरमॅडम बाह्यरुग्ण विभाग आटोपून डबा खात होत्या. भूमिकाने उभ्याउभ्याच सांगितले. आधी स्वतःचे, मग दिवलीबाईचे. पहिले ऐकून मॅडमच्या चेहऱ्यावर हसू येऊ लागले होते. दुसरे ऐकताना ते थांबले. त्यांनी डब्याचे झाकण लावले. वही मागून घेतली, ती ओळ वाचली, आणि वही मिटून टेबलाच्या त्यांच्या बाजूला ठेवली. आजवर ती त्यांनी कधी अशी ठेवून घेतली नव्हती.

"दहाव्या आठवड्यात आलात. म्हणजे नोंद वेळेतच आहे," त्या म्हणाल्या. ते कौतुक नव्हते.

मग त्यांनी कागद पुढे केला. जे झाले ते स्वतःच्या हाताने लिहा, म्हणाल्या. मी चार ओळींत लिहीन ते हे धरूनच लिहीन. वरचे काय करतील मला माहीत नाही. भूमिकाने एकच विनंती केली, की चौकशीसाठी त्या बाईला बोलावू नका. भूमिका लिहीत असताना मॅडमनी स्वतः उठून दार लोटून घेतले.

पुढच्या बुधवारी तपासणीचा दिवस होता. गरोदर बाया अंगणात ओळीने बसल्या होत्या. रमिलाबाई सकाळपासून भूमिकाशी धड बोलत नव्हती. दिवलीचे गेले हे तिला पाड्यावरून कळले होते आणि शेवटी ती सगळ्यांदेखत बोललीच. "जगाला सांगतेस काय उचलावं, काय नाही. पोर गुजरातेत मोळ्या वाहत होती, तू एकदा तरी फोन केलास?" जानेवारीत झापलेली ती बाईही ओळीत होती, आता सातव्या महिन्यात. ती भूमिकाकडे पाहत होती. भूमिकाने मान खाली घातली आणि म्हणाली, "नाही केला. चुकलं." हे खरे होते, आणि जे खरे सांगायचे होते त्याच्या मानाने फारच थोडे होते. ऑर्डरीचे अजून काहीच कळले नव्हते.

ओळीच्या शेवटी दिवलीबाई बसली होती. तिला रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या न्यायला आली होती. तिचा नंबर आला तसे भूमिकाने पाकीट तिच्या हातावर ठेवले आणि सवयीने म्हटले, रोज एक, जेवणानंतर. दिवलीबाईने पाकीट पदराला बांधले. भूमिकाकडे तिने आल्यापासून पाहिले नव्हते, आताही पाहिले नाही. गाठ मारता मारताच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, ती म्हणाली, "आणि तुझ्या गोळ्या? तू खातेस का?"

भूमिका आत गेली. कपाट उघडून तिने एक पाकीट काढले आणि बाहेर आणले. टेबलावरच्या गोळ्यांच्या नोंदवहीत नवीन ओळ सुरू करून तिने स्वतःचे नाव लिहिले, वय लिहिले, आठवडे लिहिले. रमिलाबाई शेजारीच उभी होती. ती वाकून वाचत होती आणि आठवड्यांच्या आकड्यापाशी तिचे ओठ हलायचे थांबले. भूमिकाने गोळी जिभेवर ठेवली आणि अंगणातल्या माठातून पाणी घेतले.