ऊर्जानंदांची उबदार फरशी

जानेवारीतल्या शनिवारी लंडनच्या पिनर उपनगरातल्या त्या बंगल्याबाहेर बुटांची रांग पार फुटपाथपर्यंत आली होती. आत जो येई तो अनवाणी पाऊल टेकवी आणि जागीच थबके. बाहेर हिमाचा चिखल, आत हीटर नाही, तरी फरशीतून ऊब चढत होती, हळूहळू, मायेनं.

"इथला सूर्य आळशी, बाळांनो," ऊर्जानंद महाराज डोळे मिटून म्हणत. "म्हणून आम्ही आमचा बरोबर आणला. तो ज्याच्या तळपायाला लागला, त्याची व्याधी गेली."

ढगाळ दिवशी महाराज समाधीत असत. आकाश निवळलं की घरोघर फोन जाई, आज दुपारी दर्शन. यात कुणाला काही खटकलं नव्हतं.

सुप्रभा शाळेत प्राचीन इतिहास शिकवायची. ती आली होती थोरल्या बहिणीसाठी. मधुमतीचा चेहरा सुजला होता, आवाज जाड झाला होता. थायरॉइडच्या गोळ्या तिनं महाराजांच्या सांगण्यावरून दिवाळीपासून बंद केल्या होत्या.

"अगं, स्वेटरवर स्वेटर घालणारी मी. इथे थंडीच वाजत नाही."

"आणि घरी, ताई?"

"घरी श्रद्धा कमी पडते."

सुप्रभानं मान वळवली. नैर्ऋत्येला पूर्ण काचेची भिंत. दर्शनापुरत्या अंथरलेल्या पांढऱ्या चादरीचं टोक तिनं उचललं. खाली काळीकुळकुळीत फरशी.  मागच्या उन्हाळ्यात रोमन अवशेष बघताना अशाच काळ्या, उबदार जमिनीबद्दल तिनंच नवऱ्याला रंगवून सांगितलं होतं. हरीश आर्किटेक्ट. "छान आयडिया," म्हणाला होता. पुढे एकदा त्यानं सांगितलं होतं, महाराजांच्या बंगल्याचं फक्त छप्पर दुरुस्त करतोय.

मग आठवडाभर ढग राहिले. शनिवारी निरभ्र उजाडलं, तशी तिनं सकाळीच जाऊन काचेवर बाहेरून ताडपत्री बांधली. दुपारी भक्त आले, पाय टेकवले आणि झटकन उचलले.

महाराजांनी पाय आखडून घेतले. "आज कुणीतरी अश्रद्धा आणली आहे."

"मी आणली. ताडपत्रीही मीच आणली," सुप्रभा म्हणाली आणि चादर ओढली. "रोमन लोक हिवाळ्यात वापरायच्या खोल्यांची जमीन अशीच करत. खाली दगडगोटे, वर कोळशाची पूड, वाळू, चुना. काळी जमीन ऊन पिते आणि संध्याकाळी सोडते. काच ती ऊब कोंडते. ताई, खोली गरम होत होती. तू नाही."

मधुमतीनं गार फरशीला हात लावून पाहिला. मग दाराशी उभ्या हरीशकडे वळली. "हरीशराव, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी फक्त डिझाइन केलं, ताई. बाकीचं ते बोलत होते."

"प्रत्येक दर्शनाला माझ्या शेजारी बसून पाय शेकत होतात. माझं तोंड सुजलेलं दिसत होतं ना?"

हरीश आपले बूट शोधू लागला.

सुप्रभा लोकांकडे वळली. "ऊन कुणा महाराजाचं नसतं. पायाला ऊब लागली तर खुशाल बसा, पण ती कुठून येते ते विचारा. आणि गोळी सोड म्हणणाऱ्याला तर पहिल्यांदा विचारा."

तिनं बहिणीच्या अंगावर कोट चढवला.

"हॉस्पिटलला मी सोडतो," हरीशनं गाडीची किल्ली काढली.

"नको," सुप्रभा म्हणाली. "आम्ही ट्रेननं जाऊ."