सोंगट्या पाहण्याची वेळ

मी एक जुनं सागवानी कपाट आहे. बुधवार पेठेतल्या एका छोट्या वस्तुसंग्रहालयात उभा असतो. माझ्या पोटातून आजवर एकाही चोराला सुईसुद्धा नेता आलेली नाही, मित्रांनो! चोरांसाठी काही उरलंच नव्हतं. विश्वस्तांनी आधीच नेलं होतं.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध सुरू झालं. ब्लॅकआउट म्हणून माझ्या काचांना आतून काळे कागद खळीनं चिकटवले. मग अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "शत्रू पुण्यात आला तर पहिलं हे कपाट लुटेल." मी फुगलो. तेवढा मूर्खपणा माझाही.

"वस्तू आमच्या कोथरूडच्या बंगल्यात सुरक्षित राहतील."

"शत्रूला कोथरूड सापडणार नाही?" संग्रहालय सांभाळणाऱ्या पद्मजाबाईंनी विचारलं.

"अहो, आमच्या पाहुण्यांना सापडत नाही!"

हस्तिदंती सोंगट्या आप्पासाहेबांनी नेल्या. चांदीचं अत्तरदान चिटणीस यज्ञेश्वरपंतांनी, पितळी पंचारती खजिनदार अनंतरावांनी. जबाबदारीच्या कागदावर सही मात्र पद्मजाबाईंची.

युद्ध दोन आठवड्यांत संपलं. वस्तू परत येईनात. मार्चात सरकारी तपासणी होती. मी रिकामा दिसलो की बाईंची नोकरी जाणार. बाई घरोघर गेल्या. यज्ञेश्वरपंतांकडे मुलीच्या लग्नात आमचं अत्तरदान फिरत होतं. अनंतराव म्हणाले, "युद्ध संपलं हो, पण तह कुठं झालाय?" आप्पासाहेब हातात सोंगटी घेऊनच दारात आले. "घाई काय आहे बाई? मी जिंकतोय."

बाई रडल्या नाहीत. त्यांनी माझी दारं सताड उघडली आणि रिकाम्या खणांत तीन कार्डं ठेवली. पहिलं असं: "हस्तिदंती सोंगट्या. सध्या आप्पासाहेबांच्या घरी. पाहण्याची वेळ दुपारी दोन ते चार." खाली पत्ता. मग त्यांनी शाळांना पत्रं धाडली.

पहिल्या दिवशी आप्पासाहेबांच्या बेलवर पाचवीच्या दोन तुकड्या तुटून पडल्या. दुसऱ्या दिवशी सहावीच्या. आप्पासाहेब डोळे चोळत संग्रहालयात आले.

"अहो बाई, माणसानं झोपायचं कधी?"

"चारनंतर."

चौथ्या दिवशी तिघंही आले आणि एकमेकांकडे न बघता सगळं माझ्या खणांत ठेवून गेले. 'सॉरी' कुणी म्हणालं नाही.

तेव्हा मित्रांनो, मोठेपणी विश्वस्त झालात, तर लाज बाळगा. लोकांची वस्तू तुमच्या दिवाणखान्यात शोभते म्हणून ती तुमची होत नाही. शत्रूची वाट नंतर बघा. आधी आपली पिशवी तपासा.

तपासणीच्या आदल्या दिवशी आप्पासाहेबांनी मला स्वतःच्या हातानं कुलूप घातलं आणि किल्ली सुरक्षित राहावी म्हणून कोथरूडला नेली. अधिकारी आले. काचांवर काळे कागद तसेच होते. त्यांनी लिहिलं, "कपाट एक, बंद. वस्तू दिसल्या नाहीत." पद्मजाबाईंना नोटीस आली. आप्पासाहेब किल्ली अजून शोधताहेत.