पितराचा पाट

डाव्या पॅडच्या स्क्रूभोवती मोहरीएवढा हिरवट कळंक धरला होता, आणि तो नखानं खरवडावा की राहू द्यावा या विचारात भैरवी चष्मा तळहातावर घेऊन बसली होती — दुकानात असती तर स्पिरिटचा बोळा फिरवून, दांड्या सरळ करून तिनं तो केव्हाच गिऱ्हाइकाच्या हाती दिला असता, कारण शहरातल्या, सदर भागातल्या त्या चष्म्यांच्या दुकानात तिचं निम्मं आयुष्य लोकांच्या नाकांवर चष्मे बसवण्यात गेलं होतं. पण हा गिऱ्हाइकाचा नव्हता. हा वडिलांचा चष्मा. वर्षभर आत्याच्या पत्र्याच्या पेटीत त्यांच्या धोतर-टोपीबरोबर पडून असायचा आणि पितृपक्षातल्या एकाच दिवशी बाहेर निघायचा. कळंक म्हणजे काय, पितळ आणि घाम. म्हणजे त्यांचा घाम… तिनं नख मागे घेतलं.

आत वडे तळत होते. बायजाबाई, वडिलांची धाकटी बहीण, लवकर विधवा होऊन खाप्याच्या या माहेरच्या घरी परत आली ती इथलीच झाली, आणि भाऊ गेल्यावर त्याचं श्राद्ध तिनं आपल्याकडे घेतलं. सकाळी भैरवी बसमधून उतरून दारात आली तेव्हा आत्यानं तिच्या पंजाबी ड्रेसकडे एकदा पाहिलं, मग अंगणाकडे पाहत म्हणाली, “पाणी तापलं आहे.” नाव घेतलं नाही. पूर्वी ‘बाबू’ म्हणायची. ते सोडून दिलं, आणि त्या जागी दुसरं काही ठेवलं नाही. गेली काही वर्षं आत्या तिच्याशी बोलते ती अशी, हाक न मारता.

आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं एका माणसाला जेवायला बोलावतात, त्याला पितर म्हणतात. त्याचे पाय धुवायचे, पाटावर बसवायचं, पहिलं पान त्याला वाढायचं, शेवटी पोट भरलं का विचारायचं. आणि पाटावरून आधी पितरानं उठायचं, तोवर घरातल्या कुणी जागचं हलायचं नाही. तेवढा वेळ तो माणूस शेजारचा कुणी नसतोच, जो गेला तो असतो. पितर परक्या घरचाच लागतो. पोटचं पोर बसवत नाहीत. जिवंत माणसाच्या अंगावर मेलेल्याची सावली काहून पाडतं, असं शेजारच्या पार्वतीबाईनं आत्याला पहिल्याच श्राद्धाला बजावलं होतं. पण दुसऱ्याच वर्षी ठरलेला पितर तापानं पडला, पान वाढून झालेलं, कावळे भिंतीवर येऊन बसलेले, आणि आत्यानं दारात उभ्या असलेल्या भाच्याकडे — तेव्हा भाचाच म्हणायचे मला — नीट निरखून पाहिलं, चेहरा हुबेहूब भावाचा, आणि म्हणाली, “ज्याचं तोंड त्याचं ताट. बस.”

आणि भैरवीनं वडिलांचा चष्मा घातला. तो बसला… त्या बसण्याची भीती तिच्या मनातून कधी गेली नाही. कुठलाही चष्मा दुसऱ्याच्या नाकावर पहिल्यांदा नीट बसत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. पॅड दाबावे लागतात, दांडी गरम करून कानामागे वळवावी लागते, एका भुवईचं हाड दुसरीहून किंचित वर असतं त्याची तजवीज करावी लागते. या चष्म्याला काही करावं लागलं नाही. तो आपल्या जागेवर परत गेला. त्यानंतर ती दरवर्षी बसत गेली, मनानं भैरवी झाल्यावरही, केस वाढवल्यावरही, टोपीखाली अंबाडा दडपून. आणि मग एका वर्षी तिनं येणं बंद केलं. आत्यानं विचारलं नाही. रिकाम्या पाटापुढे पान वाढत राहिली, असं पार्वतीबाईकडून कळलं.

आज ती आली ती पैशासाठी. हे स्वतःशी तरी स्पष्ट म्हणायला हवं. पुण्याच्या सर्जननं सगळं समजावून सांगितलं होतं — कपाळाचं पुढे आलेलं हाड घासून मागे न्यायचं, नाकाचा दांडा उतरवायचा, जबड्याचे कोपरे कमी करायचे. विमावाल्यांनी हे हौसेचं काम म्हणून हात वर केले, आणि दुकानाच्या पगारावर बँक जेवढं देत होती त्यात जबडासुद्धा झाला नसता. उरली शहराच्या कडेची बेस्याची जागा. वडिलांनी साध्या कारकुनीतून घेतलेला तो तुकडा, तेव्हा तिथे नुसती बाभळी होती, आता चारही बाजूंनी इमारती उभ्या राहिल्या. आणि तो आत्याच्या नावावर होता. ती उन्हाळ्यात आत्याकडे येऊन सगळं सांगून गेली. आत्यानं पूर्ण ऐकून घेतलं, गहू निवडता निवडता. शेवटी एवढंच बोलली. “पित्तरात ये. एकडाव बस. मंग पाहू.”

हौस… दुकानात गिऱ्हाईक मान वर करून “मॅडम” म्हणायला तोंड उघडतं, नजर भुवयांवर जाते, आणि शब्द अर्ध्यात वळून “भाऊ” होतो. त्याचीही सवय झाली असती. सवय झाली नाही ती सकाळची. दात घासायला आरशापुढे उभं राहावं तर समोर वडील, गोपाळराव, उभे, झोपेतून उठलेले, नाराज. मी अंगानं बदलले, आवाज वर्षभर सरावानं वर चढवून ठेवला, चालणं बदललं, आणि ते मात्र तिथेच, जणू भाड्याच्या घरात मागच्या भाडेकरूचं सामान. मला दुसरं काही नको होतं. सकाळी आरशात मला मी भेटायला हवी होते, एवढंच.

सर्जननं स्कॅन पडद्यावर फिरवून दाखवला तेव्हा जे झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. कातडी नसलेला तिचा चेहरा, नुसतं हाड, राखाडी, हळूहळू वळत होता. आणि भुवयांच्या वरचा तो उंचवटा समोर आला तेव्हा तिच्या बोटांनी तो ओळखला. डोळ्यांनी नव्हे, बोटांनी. कन्हान नदीच्या काठावर तिसऱ्या दिवशी वडिलांची राख सावडताना तिनंच तो उचलला होता, अजून कोमट होता, आणि मडक्यात ठेवण्याआधी अंगठा त्या उंचवट्यावरून आपोआप फिरला होता. “एवढं आपण काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले होते.

“झालं का?” आतून आत्या.

तिनं धोतर नेसलं. हातांना अजून येत होतं. सदरा घातला, केस गुंडाळून टोपीत कोंबले. तेवढ्यात पार्वतीबाई केळीची पानं घेऊन दारात आली, तासाभरापूर्वी याच बाईनं “बस भेटली का बराबर?” म्हणून चौकशी केली होती. तिनं मान वर केली, पाहिलं, आणि तिचा हात आपसूक पदराकडे गेला. डोक्यावरून पदर ओढून, पानं उंबऱ्यावर ठेवून, पाठ न वळवता ती मागे मागे गेली. गोपाळराव तिला दिरासारखे. ती त्यांच्यासमोर कधी उघड्या डोक्यानं उभी राहिली नव्हती.

पाट मधल्या खोलीत मांडला होता. आत्यानं परात पुढे ओढली, भैरवीचे पाय आत घेतले, आणि तेव्हा तिला आठवलं की नखांवर रंग आहे — गर्द वांगी, शनिवारी लावलेला, काढायचाच राहिला. आत्याचा अंगठा पहिल्या नखावर थांबला. पाणी थांबलं. मग तिनं तांब्या पुन्हा वाकडा केला आणि एकेक नख नीट चोळून, एकेक पुसून, पाय कोरड्या पंच्यावर ठेवले.

आणि चष्मा आत्यानं स्वतःच्या हातानं घातला.

दरवर्षी इथे सगळं धूसर व्हायचं. वडिलांच्या काचेचा तो नंबर, खालची जवळच्या नंबराची जाड चंद्रकोर, आणि तिचे तरुण धडधाकट डोळे. पानातलं काही धड दिसायचं नाही, कढी कुठली आणि खीर कुठली हे वासावरून ओळखायचं, आणि ते बरंही वाटायचं, कारण धुक्याच्या अलीकडे लपून राहता यायचं. आज तिनं मान खाली घातली आणि भाताचं शीत न् शीत दिसलं. वड्यावरचे तिळासारखे बुडबुडे, गवारीच्या शेंगेवरची लव, खिरीवर धरलेली साय. तिचा हात थबकला. मग लक्षात आलं — चाळिशी उलटली, जवळचं दिसेनासं होत चाललंय, दुकानात आपण रोज दहा जणांना हेच समजावून सांगतो… त्यात विशेष काही नाही. नंबर जुळला, बस. पण जुळला तो याच काचांशी, आणि हाड घासता येतं, ही नजर कुठे घासायची, असं तिला वाटून गेलं.

याच काचांतून त्यांनी मला पाहिलं होतं. मी तेव्हा कॉलेजात असेन. दुपार, घरात कुणी नाही असं समजून, आई जाऊन वर्ष झालेलं, तिची मोतिया ओढणी डोक्यावरून घेऊन मी कपाटाच्या आरशापुढे उभी होते, आणि दारात ते. ऑफिसातून लवकर आलेले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं दोन्ही काचा पुसल्या, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. आणि निघून गेले. त्याच महिन्यात बेस्याची जागा आत्याच्या नावावर झाली. त्यावर आमच्यात कधी एक शब्द झाला नाही. काही विचारलं की ते “पाहू” म्हणायचे, आणि त्यांच्या ‘पाहू’चा अर्थ ‘नाही’, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

ती जेवली. सावकाश, त्यांच्यासारखं, आधी कढीचा घोट, मग डाव्या बाजूची चटणी. हे तिनं ठरवलं नव्हतं. बाहेर कावळ्यानं पानातला वडा उचलल्याचा आवाज आला. आत्या समोर जमिनीवर बसली होती, हात जोडून, पदर पुढे ओढून.

“दादा, पोट भरलं?”

“भरलं.” एवढंच म्हणायचं असतं. त्यावर आत्या म्हणायची, मंग सुखी राय, आमालेबी सुखी ठेव, की झालं.

आज ती ते म्हणाली नाही.

“दादा, बेस्याची जागा तू माह्या नावानं करून गेला. गिऱ्हाईक आलं आहे. जागा तुही, म्हून तुले इचारून राहिली.” तिनं जोडलेले हात कपाळाला लावले. “पैसा पोरीले द्याचा आहे.”

पोरीले. इतकी वर्षं ज्या एका शब्दासाठी भैरवी या दारात, फोनवर, सणावारी थांबून राहिली, तो आत्या बोलली, आणि बोलली ती दुसऱ्याशीच.

“तिले तोंडाचं आपरेशन कराचं आहे. मंग तुह्यं हे तोंड निंगून जाईन. मले पुन्हा दिसनार नाही.” आत्याचा आवाज कापला नाही, नुसता बारीक झाला. “देऊ का तिले?”

दे. एक अक्षर. तेवढं म्हटलं की पुणं, की तारीख, की सकाळचा आरसा. आणि अडवणार कोण, मेलेला माणूस? तिनं शब्द जिभेवर आणला. पण तोंड त्यांचं होतं. या तोंडानं खोटं बोलायचं, आणि पुढच्या महिन्यात तेच मोडून टाकायचं, की साक्षीदारच उरू नये… तिला स्वतःची शरम वाटली, खरीखुरी, कानांपर्यंत. आणि त्याच वेळी भीती, की ती गप्प राहिली तर ते बोलतील. ‘पाहू’ म्हणतील. तिनं ओठ घट्ट मिटले. घशाच्या तळाशी, सरावानं जिथून आवाज उचलून वर ठेवला होता त्या जुन्या जागी, कुणीतरी खाकरलं.

“तिलेच इचार.”

आत्यानं मान खाली घातली. भैरवी ऐकत राहिली, शब्द विझून गेल्यावरही. ते मी म्हटलं? माझ्या मनात तर दुसराच शब्द होता, तयार होता, तो अजून जिभेवर तसाच आहे… आणि ‘तिले’. त्यांनी आयुष्यात तसं म्हटलं नसतं. की त्या दुपारी, काचा पुसून दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा, मनात म्हटलं होतं?

आत्यानं पदर मागे सारला आणि वर पाहिलं. चष्म्याच्या काचांतून तिचा चेहरा स्वच्छ दिसत होता, गालांवरचं पीठसुद्धा.

“भैरवी,” ती म्हणाली. अडखळली, पुन्हा म्हणाली. “भैरवी, घेतं का वं?”

“घेते, आत्या.” हा मात्र माझा आवाज होता. त्याबद्दल मला शंका नव्हती, आजही नाही.

“बरं.”

मग आत्यानं पुन्हा हात जोडले, पदर पुढे घेतला, नजर पाटाच्या कडेवर ठेवली आणि थांबली. कढीवर माशी बसली, तिनं ती हाकलली नाही. पार्वतीबाईची सावली उंबऱ्याबाहेर तशीच उभी होती. आधी पितरानं उठायचं असतं. पायांना मुंग्या आल्या होत्या, उठायला काहीच हरकत नव्हती, मी एक हात जमिनीला टेकवलासुद्धा. पण भुवयांच्या मागे, हाडाच्या आतल्या बाजूला कुणीतरी निवांत बसलेलं होतं, नाराज नसलेलं, माझ्याबरोबर त्या पानाकडे पाहणारं; आणि इतकी वर्षं ज्याला घालवायला मी धडपडत होते त्याला आता ‘उठा’ म्हणायला मला जड जात होतं. आत्या वाट पाहत होती. मीही वाट पाहत होते.