कुंदाची पाठवणी

तारा सहा वर्षांची. तिची मैत्रीण कुंदा किती वर्षांची ते कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुंदा ताराशिवाय कुणाला दिसतच नसे. तिला जेवायला वेगळं ताट लागे, झोपायला उशी लागे. सुरुवातीला घरात सगळं हसण्यावारी चाललं होतं. एके दिवशी मात्र कुंदाने हाक मारली म्हणून तारा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीच्या कठड्यावर चढली, आणि घरातलं हसणं संपलं.

समुपदेशक बाईंनी सोपा उपाय सांगितला. रागवू नका, चिडवू नका, दर वेळी फक्त विचारा, "खरं का मनातलं?" तारा न चुकता सांगायची, "मनातलं." तिचे बाबा, श्रीधर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. उपाय त्यांना पटला, पण धीर धरणं काही त्यांच्या रक्तात नव्हतं. तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तारा पुन्हा कठड्याशी स्टूल ओढताना सापडली, आणि त्यांच्या काळजाचं पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घराखालून मारबत निघाली. गावाची पीडा अंगावर घेऊन वेशीबाहेर जळायला जाणारी ती कागद-बांबूची काळी, थोराड बाई गॅलरीसमोर आली, तेव्हा तारा बाबांच्या कडेवर होती. खाली लोक ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत! महागाई घेऊन जा गे मारबत!" श्रीधरच्या अंगात काय संचारलं देव जाणे. तेही घसा ताणून ओरडले, "कुंदाले घेऊन जा गे मारबत!"

कोण कुंदा, हे खालच्या पोरांनी विचारलंही नाही. त्यांनी आरोळी उचलली आणि गल्लीच्या टोकापर्यंत नेली.

"काय करून राहिले तुम्ही हे?" त्यांची बायको नूपुर म्हणाली.

"जाऊ दे वं. ब्याद गेली एकदाची."

दुपारी ताराने जादा ताट मागितलं नाही. श्रीधर मनातून खूश झाले. नूपुर आवरून लवंडली, तसं त्यांनी हळूच विचारलं, "गेली ना कुंदा?"

"नाही. मारबत म्हणे, एकटीले नेत नाही."

"खरं का मनातलं?"

"खरं."

श्रीधर तिच्यासमोर खाली बसले. "काहून? रोज तर मनातलं म्हणतेस."

"रोज मनातलीच होती. मनातलीले कोणी हाकलते का, बाबा? तुम्ही हाकललं, मंग ती खरी झाली."

हट्ट नव्हता तिच्या आवाजात, ती समजावून सांगत होती. पोरीला बोट धरून खऱ्या-मनातल्यामधली जी रेघ दाखवली, ती आपणच पुसली हे श्रीधरना कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"आता कुठं आहे ती?" त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं.

"गॅलरीत. मले बोलावून राहिली."

ते उठले, गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि कडी घातली. मिरवणूक कधीच लांब गेली होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कडीवरून हात काढणार, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी दार हळूच ढकलून पाहिलं.

तारा त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. समुपदेशक बाईंनी सांगितलं होतं तसंच तिने शांतपणे विचारलं, "बाबा, खरं का मनातलं?"

"मनातलं," ते म्हणाले.

"मंग उघडा ना दार."

श्रीधरनी दोन्ही हातांनी कडी दाबून धरली.