धर्माचा एकच मग

कुणावर विश्वास ठेवाल, सांगा बरं? ओतणाऱ्यावर, पिणाऱ्यावर, की मापावर? घाई नाही, बसा, विचार करून सांगा. पूर्वी मला वाटायचं, मापावरच ठेवावा. कारण मी स्वतःच माप आहे.

मी बिअरचा मग बोलतोय. जाड काचेचा, अंगावर खळ्या असलेला, कानाला धरून उचलायचा. माझ्या गळ्याखाली एक पांढरी रेघ आहे. तिथवर भरलं की अर्धा लिटर, आणि रेघेच्या वर फेस. माझा जन्म फिरोजाबादच्या भट्टीतला. पण ज्या व्यापाऱ्याने मला अंधेरीच्या हॉटेलाला विकलं, त्याने खोक्यावर ‘जर्मन घाट’ असं छापून घेतलं होतं. खोटं म्हणता येत नाही, खरं म्हणवत नाही. धंद्यात अशी जागा फार उपयोगी पडते.

ते हॉटेल स्वतःची बिअर स्वतः बनवायचं. पाऊस ओसरून आकाश निवळलं की तिथे जर्मन उत्सवासारख्या निळ्या-पांढऱ्या पताका लागत आणि तांबूस रंगाची खास बिअर उघडत. काय रंग होता तिचा! नव्या तांब्याच्या लोट्यावर ऊन पडावं तसा. वास भाकरीच्या करपू आलेल्या पापुद्र्याचा. पहिला घोट गोडसर, गिळल्यावर जिभेच्या मुळाशी जरासा कडूपणा, आणि मग दुसरा घोट घ्यावासा वाटणं. ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या अंगावर दव धरायचं, तेव्हा मला माझ्या जन्माचं सार्थक वाटायचं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एकाने त्यात बर्फ मागितला, एकाने लिंबू. एक सद्गृहस्थ नवरात्राचे उपास धरून आले होते. मित्रांच्या फोटोत आपण वेगळे दिसू नये म्हणून त्यांनी माझ्यात सफरचंदाचा रस मागवला, आणि वर फेस का नाही म्हणून वेटरवर रागावले. तेव्हाच मी ओळखलं, माणूस काय पितो यापेक्षा काय दिसतं याला जास्त जपतो.

ती बिअर बनवायची विनिता. माहुलच्या कोळीवाड्यातली मुलगी, शिकून थेट टाक्यांपर्यंत पोचलेली. हॉटेलाने उंच नाजूक ग्लास आणले तेव्हा आम्ही जाड मंडळी भंगारात निघालो. विनिताने आमच्यातले दोन वाचवले, मी आणि माझा जोडीदार. “बाबांना आणि काकांना होतील,” म्हणाली, आणि चेंबूरला दशरथकाकांच्या घरी ठेवून गेली.

बाबा म्हणजे धर्मा, मासेमारी करणारा. काका म्हणजे दशरथ, मूळचा मालवणकडचा. गिरणी बंद पडल्यावर तो बर्फाच्या गाडीवर लागला आणि माहुलला होड्यांसाठी बर्फ पोचवू लागला. तिथेच दोघांची गाठ पडली. लादी वाटेत वितळायची. मग ती चेंबूरला होती तेवढी धरायची की माहुलला उरली तेवढी, यावर रोज भांडण. अशा भांडणातून जी मैत्री होते ती सुटत नाही.

दर रविवारी दुपार कलली की दोघं दशरथच्या गॅलरीत बसत. शरदात विनिता मोठ्या काचेच्या जारमधून आपली तांबूस बिअर पाठवायची. धर्माचा मग मी, दशरथचा माझा जोडीदार.

“मार्चात बनवतात नि थंडाव्यात ठेवून पाऊस सरल्यावर काढतात, असं पोरगी सांगते,” धर्मा म्हणायचा. “म्हंजे आपल्या सुक्या बोंबलासारखंच हाय रं! उन्हात करून ठेवायचं, नंतर चवीनं खायाचं.”

“तुका देवाच्या गाभाऱ्यात नेलो तरी बोंबीलच दिसतलो,” दशरथ म्हणायचा, आणि दोघं खिदळत माझे नि जोडीदाराचे कान आपटत.

त्या हसण्यात एक रीत होती. दशरथच्या गावाकडची. समोरच्याचं भांडं रिकामं होऊ द्यायचं नाही. मी अर्ध्यावर आलो की त्याचा हात जारकडे जायचा. “रिकामो मग बरो नाय, मेल्या. लक्ष्मी रागावता.” आणि मी पुन्हा रेघेपर्यंत. पुन्हा अर्धा, पुन्हा भरती. संध्याकाळी दशरथची बायको प्रेमा विचारायची, “किती झालं?” दोघं एका सुरात सांगत, “एकच!”

आणि ते खोटं बोलत नव्हते हो. हीच तर माझी अडचण. मी एकदाही रिकामा झालो नव्हतो, मग दुसरा मग आला कुठून? माझ्या अंगावर रेघ आहे, पण ती आत्ता किती आहे तेवढंच सांगते. आतून किती वाहून गेलं ते सांगायला मला तोंड नाही. तोंड आहे, पण ते पिणाऱ्याचं.

पुढे शरद संपला तरी रविवार चालू राहिले. तांबूस नसली तर विनिताच्या हॉटेलातली दुसरी. एका जारचे दोन झाले. घाऊक घेतलं की माल लवकर संपतो, हे कुठलाही दुकानदार सांगेल.

मग पुन्हा शरद आला. गॅलरीत तिरपं ऊन यायचं आणि माझ्यातून तांबूस उजेड धर्माच्या तोंडावर पडायचा. एकदा दशरथ त्याच्याकडे बघत म्हणाला, “अरे, तुझे डोळे बघ! बिअरचेच झालेत!”

“पोरीच्या हातचा माल हाय. डोळ्यात उतरणारच,” धर्मा म्हणाला.

किती हसले दोघं! मी धर्माच्या नाकासमोर होतो. उजेड माझा होता, पण पिवळा रंग माझा नव्हता. धर्माने मला खाली ठेवलं, ऊन बाजूला सरलं, तरी डोळे पिवळेच राहिले. मला ओरडावंसं वाटलं. काच ओरडते ती फुटतानाच, आणि फुटायलाही कुणीतरी पाडावं लागतं. मी टेबलावर घट्ट बसून होतो.

विनिताने ते डोळे सकाळच्या उजेडात पाहिले आणि बापाला इस्पितळात नेलं. दशरथ सोबत गेला. परत येऊन प्रेमाला अभिमानाने सांगत होता, “डॉक्टर विचारीत होते, आठवड्याला किती घेतात? धर्मा म्हणालो, एक मग. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितल्यानी. मी सांगितलंय, रविवारचो एकच, माझ्या डोळ्यांसमोर. देवाशपथ.”

“बरं झालं सांगितलंत,” प्रेमा म्हणाली. “उगाच दारुडा समजायचे.”

डॉक्टरांनी मग काविळीचं कारण दुसरीकडेच शोधलं. धर्मा औषधं घेत राहिला, आणि रविवारी गॅलरीत येत राहिला. एकाने काय होणार होतं? दशरथ मायेने भरत राहिला. मैतरासाठी याहून जास्त काय करणार? खरं सांगतो, जगात मी अनेक हात पाहिले, पण इतक्या प्रेमाने ओतणारा हात दुसरा पाहिला नाही.

दिवाळीचे कंदील लागायच्या आत धर्मा गेला.

तेराव्यानंतर विनिता रिकामे जार न्यायला आली. ओट्यावर दोन जार, बाजूला धुऊन पालथे घातलेले आम्ही दोघं. ती बघत उभी राहिली. तिचा रोजचा धंदाच मापाचा.

“काका, एका जारमध्ये यातले आठ मग येतात,” ती हळू म्हणाली. “मी दर रविवारी दोन जार देत होते. मग एकेकच कसा?”

दशरथने मला उचलून सुलटं ठेवलं. मग म्हणाला, “पण रिकामा कधी झालाच नाही गं.”

विनिता खाली बसली. रडली नाही. “भरून तर मीच देत होते,” एवढंच म्हणाली आणि जार पिशवीत घातले.

त्याला आता दोन वर्षं होतील. मला फळीवर ठेवलं, माझ्यात प्रेमा चमचे ठेवते. जोडीदाराची मात्र सुटका नाही. विनिता जार पाठवत नाही, म्हणून दशरथ दुकानातून डबे आणतो. दर रविवारी गॅलरीत एकटा बसतो, अर्धा झाला की भरतो. भरून द्यायला समोर कुणी नाही, म्हणून आता स्वतःचा स्वतःच भरतो. प्रेमा विचारते, “किती?” तो सांगतो, “एकच. धर्माच्या नावाने.” यंदा त्याच्या पायांना सूज आली आहे. फळीवरून मला ते पाय रोज दिसतात. चमचे खळखळवण्यापलीकडे मी काय करणार?

काल सर्वपित्री अमावास्या होती. विनिताने मला दशरथकडून मागून नेलं, सोबत तोही आला. माहुलला घरामागच्या भिंतीवर धर्माच्या नावाचं पान ठेवलं होतं. भात, वडे, तळलेला बोंबील. पानाशेजारी मी. दोन वर्षांनी माझ्यात ती तांबूस बिअर आली. विनिताने ओतली, बरोबर रेघेपर्यंत. तिच्या हातची चव बिघडलेली नव्हती, वास तोच, भाजलेल्या भाकरीचा.

कावळा येईना. फेस बसला. थोडी बिअर पानावर सांडली होती, म्हणून मी रेघेच्या किंचित खाली दिसत होतो. दशरथचा हात आपसूक जारकडे गेला.

“काका, राहू दे.”

“त्याचा कमी कसा ठेवू गं?”

“काका, उद्या डॉक्टरकडे जायचंय. पायांचं दाखवायला. ते विचारतील.”

“सांगेन ना.”

“काय सांगाल?”

दशरथ माझ्याकडे बघत राहिला. मग जारकडचा हात त्याने मागे घेतला. इतक्यात कावळा आला, बोंबील उचलून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. मी तसाच भरलेला उभा होतो, रेघेच्या किंचित खाली, कुणी न उष्टावलेला. धर्माचा मग त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर एकच होता.

तो उद्याचा दिवस म्हणजे आज. दशरथ सकाळीच विनिताबरोबर गेलाय. मी पुन्हा फळीवर चमच्यांत आहे, डॉक्टरांसमोर मला कुणी बोलावणार नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. शरदातली तांबूस बिअर जरूर चाखा, ती प्रेमाने बनवलेली असते. पण भांडं तळापर्यंत रिकामं होऊ द्या, मगच पुढचं मोजा. आणि कुणी विचारलं, किती, तर बाबांनो, हिशोब खरा सांगा. माप काही बोलत नाही.