केदारनाथला निघालेल्या पेटीचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, संशय घेणे हा माझा नुसता स्वभाव नाही, धंदाच आहे. हात कोणाचाही असो, किल्ली फिरेपर्यंत मी त्याला चोरच समजतो.

अलीगढला माझा जन्म झाला. ताडकळसच्या गुरुसिद्धप्पांचे किराणा दुकान मी वर्षानुवर्षे राखले. "ह्याच्या भरोशावर मी निवांत झोपतो," असे ते गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला फार बरे वाटे. पुढे दुकानाला नवे शटर आले आणि माझी रवानगी खिळ्यांच्या डब्यात झाली. तिथे माझ्या पोटात गंज चढला. कोणी विचारपूसही केली नाही.

यंदा उन्हाळ्यात मला एकदम बाहेर काढले. गुरुसिद्धप्पा, त्यांच्या पत्नी शिवम्मा आणि सून त्रिवेणी रेल्वेने केदारनाथला निघणार होते. लोखंडी पेटीत स्वेटर, लोकरीचे मोजे, दशम्या, चटणी आणि देवाला वाहायचे चांदीचे बेलपान भरले गेले. पेटीला मी, किल्ली शिवम्मांच्या कमरेला. त्या बेलपानापायी माझी झोप उडाली.

शिवम्मांना दमा होता. त्रिवेणीने पेटीत ठेवलेला औषधाचा पंप त्यांनी काढून फडताळात टाकला.

"म्हादेवाच्या दारी जायलोत आपण. तो हाय की बगायला!"

"तिथं हवा लय इरळ ऱ्हाती, आत्याबाई."

"गप बस. निघताना दुखन्याचं नाव काडू नै."

दुसऱ्या दिवशी शिवम्मा किल्ली बाजूला ठेवून, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसल्या. पूजेत त्यांची नजर लिंगावरून हलत नाही. नेमके तेव्हाच त्रिवेणीने किल्ली उचलली, मला करकरत उघडले आणि मोज्यांत हात घातला. वर माझ्या पोटात मशीनचे तेल सोडले! चोरी करताना आवाज होऊ नये, म्हणूनच हे लाड. घाल बाई, मी तुला ओळखून आहे, असे मी मनात म्हटले.

निघायच्या दिवशी परभणी स्टेशनचा जिना चढताना शिवम्मांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले.

"पंप तर घरीच ऱ्हायला!" गुरुसिद्धप्पा रडकुंडीला आले.

"आत्याबाईच्या कमरंची किल्ली काडून द्या, मामा!" त्रिवेणी ओरडली.

किल्ली लागताच मी उघडलो. आतला गंज तसाच असता, तर अडलोच असतो. त्रिवेणीने मोज्यातून पंप काढून सासूच्या तोंडाला लावला. बेलपान जागेवरच होते, तेही मी बघून घेतले.

हळूहळू शिवम्मांचा श्वास जागेवर आला. "माझ्या चोरून ठिवलास व्हय गं?"

"व्हय. द्या शिव्या."

"शिव्या गाडीत देते. किल्ली आता तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे."

"वर चडायचं का न्हाई, ते डाक्टर सांगंल तसं," गुरुसिद्धप्पा म्हणाले.

आता गाडी चालू आहे आणि मी बर्थखाली आहे. समोरचा गृहस्थ आमच्या पेटीकडे सारखा का बघतो, ते मला कळलेले नाही. त्रिवेणीला मात्र मी उगाच चोर ठरवले, याचे वाईट वाटते.

मित्रांनो, घरातल्या जुन्या कुलपाला अधूनमधून तेल देत जा. ते तुमच्यावर संशय घेईल, घेऊ द्या. वेळेला ते उघडेल.